साखर मोजता, तोंड का पाहत नाही?

महिलांच्या आरोग्य शिबिरात काय काय होतं, हे आपल्यापैकी प्रत्येकीला पाठ आहे. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, बोटाला सुई टोचून साखर. पडद्यामागे गर्भाशयाच्या मुखाची तपासणी, स्तनांची तपासणी. मग लोहाच्या गोळ्या, एक भाषण, चहा. जिची साखर तीनशेच्या घरात निघते तिच्या हातात एक कागद पडतो : गोड खाऊ नका, पायाला जखम होऊ देऊ नका, डोळे तपासून घ्या. तिच्या तोंडात मात्र कोणी डोकावत नाही. हिरड्यांतून रक्त येतं का, दात हलतात का, हे विचारायला कागदावर रकानाच नसतो.

मध्यंतरी एका बैठकीत मी हा विषय काढला. एक ज्येष्ठ मैत्रीण म्हणाली, "मारहाण, मजुरी, रेशन सगळं पडलंय, आणि आता आपण बायकांचे दात बघायचे?" सगळ्या हसल्या. मीही हसले. उत्तर द्यायचं राहिलं होतं, ते इथे देते आहे.

होय, बघायचे. कारण मधुमेह असलेल्या बाईची किडलेली दाढ हा दाताचा प्रश्न राहत नाही. तो तिच्या साखरेचा, तिच्या पोटात जाणाऱ्या अन्नाचा आणि कधी कधी तिच्या श्वासाचा प्रश्न होतो. आणि ती दाढ वेळेवर कोणी पाहिली नाही याचं कारण तिचं अज्ञान नाही. कारण व्यवस्थेत आहे, घरात आहे आणि थोडं आपल्या चळवळीच्या सवयीतही आहे.

आधी शरीराचं सांगते. रक्तातली साखर दीर्घकाळ चढलेली राहिली की जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात. बारीक रक्तवाहिन्यांवर परिणाम होतो, जखम भरायला वेळ लागतो. लाळ कमी सुटते आणि तोंड कोरडं पडतं. दातांवरच्या किटणाखाली जंतू घर करतात, हिरडी दातापासून सुटते, मधे खिसे तयार होतात, त्यात पू होतो. आतलं हाड झिजतं आणि मग दात हलायला लागतो. बहुतेक वेळा यातलं काहीच दुखत नाही, हीच मोठी फसवणूक. दुखायला लागेपर्यंत बरंच हाड गेलेलं असतं.

ही वाट उलट्या दिशेनेही चालते. हिरड्यांत सतत सूज आणि जंतू असले की शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, आणि साखर वर जाते. म्हणजे साखरेमुळे हिरड्या बिघडतात आणि हिरड्यांमुळे साखर. हे काही कालपरवा कळलेलं नाही. हॅराल्ड लो या दंतशास्त्रज्ञाने १९९३ साली हिरड्यांच्या आजाराला मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हटलं. डोळे, मूत्रपिंड, मज्जातंतू, मोठ्या रक्तवाहिन्या, जखमा न भरणं या पाचांच्या पंगतीत त्याने हिरड्यांना बसवलं. २०२२ साली कॉक्रेन या संस्थेने ३५ चाचण्यांतल्या तीन हजारांहून जास्त रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली. हिरड्यांखालची सफाई केल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी, म्हणजे आपण जिला तीन महिन्यांची साखर म्हणतो ती, सरासरी ०.४३ टक्क्यांनी उतरलेली दिसली. आकडा लहान वाटेल. पण साखर उतरत नाही म्हणून डॉक्टर जी दुसरी-तिसरी गोळी वाढवतात, तिच्याकडूनही कित्येकदा याहून फार मोठी अपेक्षा नसते. गोळी आयुष्यभर विकत घ्यावी लागते, एवढाच फरक.

आपल्या देशात मधुमेह असलेल्यांची संख्या १० कोटींवर आहे, असं आयसीएमआरच्या पाहणीने २०२३ साली सांगितलं. मोठ्या माणसांमध्ये ११.४ टक्के. त्यांत निम्म्याच्या आसपास बायका धरल्या तरी हा प्रश्न 'किरकोळ' कसा, हे मला कोणीतरी समजावून सांगावं.

आता दोन डॉक्टरांच्या मधे बाई कशी अडकते ते पाहा. आमच्या कामाच्या भागात, सातारा-सांगलीच्या पट्ट्यात, एक बाई आहे. पन्नाशीची, दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जाणारी, आठ वर्षं मधुमेहाच्या गोळ्या घेणारी. खालची दाढ दुखायला लागली तेव्हा तिने लवंग दाबली, मिश्री लावली, गावातल्या डॉक्टरकडून दुखण्याच्या गोळ्या आणल्या. आठवड्याने गाल सुजला. तालुक्याच्या दातांच्या डॉक्टरांनी साखर पाहिली आणि म्हणाले, "एवढ्या शुगरला हात लावणार नाही, आधी शुगर खाली आणा." ती शुगरच्या डॉक्टरांकडे गेली. ते म्हणाले, "दाढेत पू आहे तोवर शुगर खाली येणार नाही, आधी दाढ काढा." दोघांचंही बोलणं आपापल्या जागी खरं होतं. दोघांच्या दवाखान्यांत अंतर होतं एका एसटी स्टँडचं. एकाने दुसऱ्याला फोन केला नाही, दोन ओळींची चिठ्ठी दिली नाही. निरोप पोचवायचं काम कोणाचं? जिला तोंड उघडता येत नव्हतं तिचं.

खाता येईना, म्हणून घरच्यांनी गोळ्याही बंद केल्या : जेवणच नाही तर शुगरची गोळी कशाला. साखर आणखी चढली. चौथ्या दिवशी हनुवटीखालचा भाग दोन्ही बाजूंनी दगडासारखा कडक झाला, जीभ वर ढकलली गेली, लाळ गिळता येईना. जिल्ह्याच्या ठिकाणी गळ्याखाली छेद घेऊन पू काढावा लागला, श्वासासाठी नळी घालावी लागली. ती वाचली. भेटायला गेले तेव्हा अजून बोलता येत नव्हतं, बरी झाल्यावर पहिलं वाक्य म्हणाली, "ताई, दातानं काय माणूस मरतंय व्हय, असं मीच समद्यांस्नी सांगायचे."

दातानं माणूस मरतं. या सुजेला वैद्यकात लुडविगचा अंजायना म्हणतात. लुडविग नावाच्या जर्मन डॉक्टरने तिचं वर्णन १८३६ साली केलं. बहुतेकदा ती खालच्या दाढेतून सुरू होते आणि मधुमेह असलेल्यांना तिचा धोका जास्त. जवळजवळ दोनशे वर्षं माहीत असलेल्या गोष्टीसाठी आमच्या बाईला दोन दवाखान्यांमधे टोलवलं गेलं.

यातला नियम काही अवघड नाही, आणि तो प्रत्येक गटात पोचायला हवा. साधा किडलेला दात काढायचा असेल, तातडी नसेल, तर साखर थोडी आटोक्यात येईपर्यंत थांबणं शहाणपणाचं. पण पू झाला असेल, सूज पसरत असेल, तर 'आधी साखर' म्हणून थांबवायचं नसतं. पू काढणं आणि साखर उतरवणं ही दोन्ही कामं एकाच वेळी करायची असतात, गरज पडली तर रुग्णालयात दाखल करून. जबड्याखाली किंवा गळ्याला सूज, तोंड न उघडणं, गिळताना त्रास, लाळ गळणं, ताप, आवाज बदलणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात. सकाळची वाट पाहायची नाही, नवरा कामावरून यायची तर मुळीच नाही. आणि जेवण जात नाही म्हणून मधुमेहाचं औषध परस्पर बंद करायचं नाही, डॉक्टरांना विचारायचं. आजारपणात साखर उपाशीपोटीही चढते.

दाढ काढायला जाताना बायका उपाशी जातात, तेही थांबवायला हवं. जागा बधिर करून दात काढायचा असेल तर बहुधा उपाशी राहायची गरज नसते. सकाळची वेळ घ्यावी, नेहमीसारखं खाऊन, गोळी किंवा इन्सुलिन घेऊन जावं, आणि कोणती औषधं चालू आहेत ते आधी सांगावं. उपाशी बाई खुर्चीवर बसल्या बसल्या साखर उतरून घामाघूम होते. मग तीच गोष्ट गावभर होते : दात काढायला गेली आणि चक्कर येऊन पडली. पुढच्या पाचजणी जातच नाहीत.

डॉक्टरांनी तोंड आणि शरीर असं वेगवेगळं वाटून कधी घेतलं? १८४० साली अमेरिकेत बाल्टिमोरला दंतवैद्यकाचं पहिलं स्वतंत्र कॉलेज निघालं. तेव्हापासून ही शाखा वैद्यकापासून वेगळीच वाढली. आपल्याकडे दंतवैद्यकाचा कायदा १९४८ साली आला, त्यांची परिषद वेगळी, कॉलेजं वेगळी. ज्ञानाच्या शाखा वेगळ्या असायला माझी हरकत नाही. पण त्या फटीत गरीब बाई पडते, आणि पैसेवाली पडत नाही, कारण तिच्यासाठी दोन्हीकडे फोन करणारं कोणीतरी असतं.

सरकारी योजनांतही हीच फट. मधुमेहाचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० साली सुरू झाला, मुखाच्या आरोग्याचा काही वर्षांनी, निराळा. आशाताई घरोघर जाऊन तिशीवरच्या बायकांचे फॉर्म भरतात. तोंडाबद्दल त्या विचारतात ते कर्करोगाच्या धास्तीने, आणि ते योग्यच आहे. पण 'साखर आहे, म्हणून हिरड्या दाखव' असा धागा कुठे जोडलेला नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात दातांचा डॉक्टर सहसा नसतो. एका ग्रामीण रुग्णालयात मी बायकांना घेऊन गेले तेव्हा खुर्ची होती, डॉक्टर होत्या, कॉम्प्रेसर बंद होता. त्या बिचाऱ्या डॉक्टर दात उपटण्यापलीकडे काही करू शकत नव्हत्या. सफाई नाही, सिमेंट नाही, फक्त पकड. इंग्लंडमधल्या नाइस या सरकारी संस्थेने २०२२ साली मधुमेहाच्या मार्गदर्शनात लिहून टाकलं की रुग्णांना हिरड्यांच्या आजाराचा जास्त धोका सांगा आणि दात नियमित तपासून घ्यायला सांगा. कागदावर एक ओळ वाढवायला अब्जावधी रुपये लागत नाहीत.

आणि आपल्याला करून दाखवता येत नाही असंही नाही. २०२१ च्या उन्हाळ्यात कोविडमागोमाग काळी बुरशी आली. साखर चढलेली, वर स्टेरॉइडची औषधं झालेली, अशा माणसांच्या वरच्या जबड्यात ती शिरली. दात दुखणं, अचानक हलणं, गाल बधिर होणं अशी तिची सुरुवात असायची. कितीतरी जणांचे वरचे जबडे काढावे लागले. तेव्हा केंद्राने राज्यांना ती नोंदवण्याजोगा आजार ठरवायला सांगितलं, महाराष्ट्राने जनआरोग्य योजनेतून उपचार दिले. टीव्हीवर रोज सांगत होते : साखर तपासा, तोंड तपासा. तोंड आणि साखर हे शब्द त्या एका उन्हाळ्यात एका वाक्यात आले. लाट ओसरली आणि वाक्य तुटलं. अशा योजना मुख्यतः दाखल होऊन करायच्या मोठ्या उपचारांच्या. जबडा कापायचा तर पैसे, आणि तो कापावा लागू नये म्हणून हिरडी साफ करायची तर स्वतःच्या खिशातून. ज्या बाईला खिसाच नाही तिने काय करायचं?

तरीही दवाखान्यात शब्द तयार असतो : निष्काळजी. 'या बायका ऐकतच नाहीत.' समाजकार्याच्या वर्गात यालाच रुग्णाचं असहकार्य म्हणून शिकवलं होतं. ऐकायचं म्हणजे काय करायचं ते पाहू. डाएटच्या कागदावर काय लिहिलेलं असतं? काकडी, गाजर, मोड आलेली कडधान्यं, ज्वारीची भाकरी. चावायचं कशाने? समोरच्या दाढा गेलेल्या, उरलेल्या हलणाऱ्या. मग बाई भाकरी सोडते, भाताकडे वळते. चहात बिस्किट बुडवून खाते, खारी खाते, उपासाला साबुदाणा. मऊ ते सगळं साखर भराभर चढवणारं. पुढच्या तपासणीला डॉक्टर ओरडतात, "मावशी, काय खाता हो?" मावशी खाली बघतात. तोंड उघड म्हणून सांगितलं असतं तर डॉक्टरांना उत्तर मिळालं असतं.

दुसरा आरोप मिश्रीचा. तंबाखू तव्यावर भाजून, कुटून दातांना लावायची. तंबाखू घातलेली दंतमंजनं आणि पेस्ट १९९२ साली कायद्याने बंद झाली, पण घरच्या तव्याला कायदा कसा लागू होणार? मिश्री वाईटच. हिरड्या खालावतात, तोंडाचा कर्करोग होतो, आणि ती दुखणं बधिर करते म्हणून रोग दडून राहतो. पण ती बायकांच्या हातात कशी आली हेही बोलू या. बाईने विडी ओढली तर बोभाटा, मिश्री लावली तर दात घासणं. पहाटे उठून सगळ्यांचं करताना भूक मारायला, शौचाला जायची सोय नाही म्हणून पोट साफ व्हायला, दाढेची कळ थांबवायला मिश्री. जिच्यासाठी ती एकाच वेळी न्याहारी, औषध आणि दिवसातली पाच मिनिटं आहे, तिला 'सोडा' एवढंच सांगून भागत नाही. आमच्या गटातल्या ज्या बायकांनी मिश्री सोडली त्यांनी आधी दुखणाऱ्या दाढेचा इलाज झाल्यावर सोडली. उलटा क्रम मी पाहिलेला नाही.

दातांचं कौतुक आपल्याकडे कमी आहे असं मात्र नाही. मुलगी पाहायला येतात तेव्हा तिला बोलायला लावतात, हसायला लावतात, दात पुढे आहेत का ते बघतात. पेस्टच्या जाहिरातीत बाई हसते. लग्न झालं की त्या तोंडाचं काम संपलं, पुढे ते बंद असलेलंच बरं. बाळंतपणात दात गेला तर 'एका पोरामागं एक दात जायचाच' म्हणून सोडून देतात. हे खोटं आहे. मूल आईच्या दातांतला चुना ओढून घेत नाही. गरोदरपणात हिरड्या सुजतात, वेळेवर पाहिल्या तर दात वाचतात. ज्यांना गरोदरपणी साखर आढळते त्यांनी तर जास्तच लक्ष द्यायला हवं. वरचा दात काढला की नजर जाते, सफाईने दात हलतात, या गोष्टीही तितक्याच खोट्या. सफाईनंतर दात हलल्यासारखा वाटतो तो किटणाचा आधार गेल्यामुळे. मुळात तो आधीच सुटलेला असतो.

पुरुषांना हे होत नाही का, असं कोणी विचारेल. होतं. हिरड्यांचा आजार काही पाहण्यांत पुरुषांत जास्तच आढळलेला आहे, ते लपवायचं कारण नाही. मुद्दा रोग कोणाला होतो एवढाच नाही, दातांच्या खुर्चीपर्यंत कोण पोचतं हा आहे. पुरुषाची दाढ दुखली तर त्या रात्री घर झोपत नाही. बाईची दाढ दुखली तर ती झोपत नाही, घर झोपतं. दोन दिवसांची मजुरी बुडवून, सोबत कोणाला तरी घेऊन, तालुक्याला तीन खेपा घालायच्या, आणि तेही 'दातासाठी'? ती स्वतःच म्हणते, राहू दे.

म्हणून आपल्या संघटनांनाही माझं सांगणं आहे. कुटुंबनियोजनवाल्यांनी बाईला गर्भाशयापुरती ठरवली म्हणून आपण भांडलो, आणि ते भांडण योग्यच होतं. मग आपल्या शिबिरांत तरी बाई गळ्याच्या वर का नसावी? साखर तपासायच्या टेबलाशेजारी एक टॉर्च आणि चार प्रश्न पुरतात : घासताना रक्त येतं का, दात हलतो का, तोंडाला घाण वास किंवा पू येतो का, कोणत्या बाजूने चावता. यासाठी डॉक्टर लागत नाही. ज्यांचं उत्तर 'हो' येईल त्यांची यादी करायची आणि पाचजणी मिळून एकाच दिवशी दातांच्या ओपीडीला न्यायच्या. एकटी बाई परत पाठवली जाते, पाचजणी सहसा जात नाहीत. हे काम आशाताईंच्या गळ्यात फुकट घालायलाही माझा विरोध आहे. प्रश्न वाढवायचे तर मोबदलाही वाढवा.

आमच्या तालुक्यात आम्ही निवेदन दिलं. मधुमेहाच्या कार्डावर वर्षातून एकदा तोंडाच्या तपासणीची नोंद, मधुमेहाची ओपीडी ज्या वारी त्याच वारी दातांची ओपीडी, ग्रामीण रुग्णालयातला कॉम्प्रेसर दुरुस्त, आणि दोन डॉक्टरांमधला निरोप रुग्णाच्या तोंडी नव्हे, चिठ्ठीने. तालुक्याच्या साहेबांनी सांगितलं, डेंटलचा विषय आमच्याकडे नाही, जिल्ह्याला लिहा. जिल्ह्याला लिहिलं. तारखेच्या शिक्क्यासह पोच मिळाली आहे, उत्तर नाही. पुढच्या महिन्यात पहिल्या बुधवारी मधुमेहाची ओपीडी असते, त्या दिवशी चाळीस-पन्नास बायका आपापली कार्डं घेऊन जाणार आहेत. प्रत्येकीच्या कार्डावर तोंडाच्या तपासणीसाठी रकाना आम्ही पेनाने आखून दिला आहे, तो डॉक्टरांनी भरायचा आहे. इतर तालुक्यांतल्या ज्या गटांना हेच करायचं असेल त्यांनी निवेदनाचा मसुदा अंकाच्या पत्त्यावर मागवावा, सोबत आपल्याकडच्या दातांच्या ओपीडीचे वार आणि तिथलं यंत्र चालू आहे की बंद, तेही कळवावं.